आक्कांना दगड नको होता

आक्का गेल्या त्या दिवशी सकाळीच आमचं कडाक्याचं भांडण झालं होतं, आणि त्याचं मला काडीचंही वाईट वाटत नाही. भांडणाचं कारण एक ब्लँकेट. यंदा गोदाकाठाला थंडी लवकर पडली, म्हणून मी राहात्याच्या बाजारातून त्यांच्यासाठी निळं, जाडजूड ब्लँकेट आणलं होतं. आठवडा गेला नाही तोच ते खाटेवरून गायब. विचारलं, तर म्हणाल्या, "दिलं." कुणाला? "गारठत हुता त्याला." मी म्हणाले, "आन् तुम्ही काय उन्हात बसला होता?" तर बोळक्या तोंडानं हसून म्हणाल्या, "माझ्याकडं जुनं हाय की, सुमे." जुनं म्हणजे ज्यातून पलीकडचं दिसतं ते! माझं डोकंच फिरलं. मी त्यांना सरळ सांगितलं, यापुढं तुमच्यासाठी एक सुतळीचा तोडासुद्धा आणणार नाही, आणि दार आपटून घरी आले. दुपारी मी भाकरी टाकत होते. आमचे हे अंगणातून आले ते पायातल्या चपला न काढता थेट चुलीपाशी येऊन उभे राहिले. मी ओरडणार तेवढ्यात त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. म्हणाले, "आक्का उठंना गं..." तव्यावरची भाकरी तशीच जळाली.

आक्का म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. त्यांच्या दोन खोल्या आणि आमचं घर यांच्यात एकच भिंत. पुणतांब्यापासून फार लांब नाही आमचं गाव, आणि गावात चर्चच्या मागं जी वस्ती आहे तिथं आम्ही राहतो. मी लग्न होऊन आले तेव्हा आक्का मुलींच्या वसतिगृहात मेट्रन होत्या. दाजी साखर कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये होते, ते ऐन उमेदीत गेले. एकुलता एक मुलगा शमुवेल, आमचा शमू, शिकून पुण्याला कंपनीत लागला आणि तिकडचाच झाला. त्यानंतरची सगळी वर्षं त्या भिंतीच्या पलीकडे आक्का आणि अलीकडे मी. आमच्या दोघींच्या स्वभावात जमीन-अस्मानाचं अंतर. मला वस्तू आवडतात, हे मी आधीच सांगून टाकते. स्टीलचे डबे मी चढत्या उंचीनं लावते, कपबशी फुटली तर मला दोन दिवस जेवण गोड लागत नाही, आणि दर रविवारी मी उपासनेलाही जाते. यात मला काही विसंगत वाटत नाही. आक्कांना वाटायचं. तोंडावर सांगायच्या.

तर त्यांच्या अंत्यविधीला पाळकसाहेबांनी उपदेश केला. म्हणाले, आमच्या या भगिनीला ऐहिक वस्तूंचा मोह नव्हता, सोनं आणि माती तिला सारखीच होती. मंडळींनी माना डोलावल्या. पुढच्या बाकावरच्या, गळ्यात चार पदरी गंठण घातलेल्या बाईंनी तर डोळ्याला रुमालही लावला. मी मात्र आतून पेटले होते. मोह नव्हता? आक्कांना? अहो, त्या बाईइतका वस्तूंवर जीव टाकणारं माणूस मी उभ्या जन्मात पाहिलं नाही! पितळी घंगाळ चिंच लावून अशा घासायच्या की त्यात तोंड पाहून कुंकू... छे, आमच्यात कुंकू नाही, पण टिकली लावता आली असती. शिलाई मशीनला दर शनिवारी तेल. दाजींची बाजाची पेटी भजनाला कुणी मागितली तर पेटीबरोबर स्वतः जायच्या आणि पेटीबरोबर परत यायच्या. वसतिगृहातला वाढायचा एक डाव इकडचा तिकडे झाला तर मुलींना रांगेत उभ्या करायच्या. सोनं आणि माती सारखी म्हणे! ज्याला काहीच आवडत नाही त्यानं देऊन टाकलं तर त्यात कसला आलाय मोठेपणा? आक्कांना सगळं आवडायचं. आवडायचं म्हणूनच द्यायच्या, आणि देताना त्यांचा जीव तुटायचा, हे भिंतीपलीकडून मी ऐकलेलं आहे.

आमच्याकडे कापणीचा सण असतो. ज्याच्या शेतात, परड्यात, खुराड्यात जे पिकलं त्यातलं पहिलं देवाला आणायचं. वेदीपुढं ज्वारीची कणसं, भोपळे, ऊस, अंडी, पाय बांधलेल्या कोंबड्या, कुणाचा केक, सगळं मांडलेलं असतं. उपासना झाली की बाहेर मांडवात त्याचा लिलाव होतो आणि तो पैसा चर्चच्या कामाला जातो. मोठी गंमत असते. भोपळ्यासाठी दोन भावकीतले लोक असे चढाओढीनं बोलतात की भोपळ्यालाच लाज वाटावी. आक्कांकडे ना शेत ना परडं. पहिल्यांदा त्यांनी विकतचे तांदूळ नेले, मग एका वर्षी त्यांनी ठरवलं की आपल्याकडे जे पिकतं तेच न्यायचं. मी विचारलं, तुमच्याकडं काय पिकतं? म्हणाल्या, "हाव." मग त्यांनी नियमच केला. वर्षभरात जी वस्तू जास्तीत जास्त 'माझी' वाटायला लागली असेल, ती सणाला वेदीपुढं न्यायची. कशी ओळखायची? त्याची त्यांच्याकडे खूण होती. "कुनी हात लावला की पोटात कालवतं बघ, तीच ती. ती मग माझी ऱ्हात न्हाई, मीच तिची हुते."

पहिल्या वर्षी घंगाळ गेलं. सणाच्या आदल्या संध्याकाळी ओट्यावर बसून त्यांनी ते घासलं, पुसलं, आणि मग पदरानं स्वतःचे डोळे पुसले. आता आमच्या मंडळींनी काय करावं? लिलावात घंगाळ आलं, सगळ्यांना वाटलं, बिचारी विधवा बाई, घरातलं भांडं घेऊन आली. दोघा-तिघांनी मिळून बोली लावली, घंगाळ घेतलं आणि वाजतगाजत आणून आक्कांच्याच दारात ठेवलं. वर झेंडूचा हार! "आक्का, चर्चला पैसा मिळाला, तुमचं भांडंबी तुमच्याकडं ऱ्हायलं." मला वाटलं, किती चांगली माणसं. आक्कांचा चेहरा लालबुंद. म्हणाल्या, "म्या देवाला दिलं, तुमी परत कुनाच्या हुकमानं आनलं?" दुसऱ्या वर्षी पुन्हा तेच घंगाळ नेलं. पुन्हा त्याच माणसांनी तेच केलं, उलट आता ती चर्चची एक हौसच झाली. तिसऱ्या वर्षी आक्कांनी ते चर्चला नेलंच नाही. एस.टी. थांब्यावर नेऊन ठेवलं, पाण्यानं भरलेलं, वर झाकण आणि साखळीचा पेला. मंडळींना फार लागलं. भांडं बाहेरच्या लोकांना दिलं म्हणून कुरकुर झाली. मला तेव्हा आक्कांचा राग आला होता, पण आज कळतं त्यांचं काय म्हणणं होतं ते. आम्ही सगळे आपलं आपल्यातच फिरवतो. भोपळा या हातातून त्या हातात, आणि घरी जाताना सगळ्यांच्या मनात दिल्याचं समाधान. कुणाचं काही कमी झालेलं नसतं.

त्यानंतर त्या गुपचूप द्यायला लागल्या, आणि बाहेर द्यायला लागल्या. मशीन गेलं, पेटी गेली, दाजींचा काळा कोट गेला. तोंड मात्र गुपचूप राहिलं नाही. एका रविवारी साक्षी चालल्या होत्या. एक गृहस्थ उठले आणि गहिवरून सांगायला लागले की प्रभूनं मला नवी चारचाकी दिली, मी रंग मागितला तोच रंग दिला. "आमेन, आमेन" झालं. मागून आक्कांचा आवाज आला, "प्रभूला शोरूमचा पत्ता बराबर सापडतो रं. तुझ्या घरामागं म्हातारीचं छप्पर उडालंय, तिचा पत्ता का सापडंना त्याला? तुझ्याकडं दिला हुता का?" गृहस्थ पुढं महिनाभर दुसऱ्या चर्चला जात होते. म्हातारीचं छप्पर मात्र त्याच आठवड्यात झालं. गाडीवाल्यानंच केलं, हे त्याच्या बाजूनं सांगायला हवं.

आता इथपर्यंत वाचून कुणाला वाटेल, वा, काय संत बाई होती. थांबा. संतांच्या शेजारी राहून बघा. शमू पुण्याहून यायचा तो हात भरून यायचा. मिक्सर आणला, गादी आणली, छोटा फ्रिज आणला. पुढच्या खेपेला आला की गादी नाही, त्याच्या पुढच्या खेपेला फ्रिज नाही. वसतिगृहातल्या कुणा मुलीचं लग्न झालं होतं, कुणाचं बाळंतपण निघालं होतं. शमू बघून घ्यायचा. जेवून, पाया पडून जायचा. एकदा मात्र माझ्या ओट्यावर चहा घेताना म्हणाला, "मामी, तिला मी पैसे जमवून वस्तू आणतो तेव्हा दुकानात उभा राहून विचार करतो, हिला हे आवडेल का. तिला आवडतं, म्हणून ते जातं. नावडीचं आणलं असतं तर राहिलं असतं." त्याला हसायचं होतं, पण ते काही जमलं नाही. मी हे आक्कांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "त्याला म्हनावं, रिकाम्या हातानं येत जा. मला तूच पायजे." हे शमूला सांगायचं काम त्यांचं होतं, माझं नव्हतं. त्यांनी सांगितलं नाही. देण्याच्या बाबतीत त्यांचा हात मोकळा होता, बोलण्याच्या बाबतीत पोटच्या पोराशी मात्र कंजूष.

आणि मग ती कबरीची गोष्ट. आमचं कबरस्थान लहान आहे. तीन बाजूंनी दुसऱ्यांची शेतं, चौथ्या बाजूला रस्ता. त्यात गेल्या काही वर्षांत ज्याच्याकडे चार पैसे आले त्यानं आपल्या माणसावर पक्की कबर बांधली. संगमरवर, ग्रॅनाईट, वर छत्री, भोवती लोखंडी साखळी. मेलेल्या माणसाला प्लॉट घेऊन दिल्यासारखं. पक्क्या कबरीखालची जागा कायमची गेली. गरिबांच्या मातीच्या कबरी मात्र दहा-पंधरा वर्षांनी पुन्हा खणतात, जुनी हाडं निघाली तर तळाशी ठेवतात आणि वर नवं माणूस. म्हणजे मातीत गेल्यावरही ऐपतीप्रमाणे झोप. एका वर्षी ऊसतोडीला आलेल्या टोळीतली एक बाई तापानं गेली. खर्ड्याकडची माणसं होती, ख्रिस्ती होती. नवरा पाळकसाहेबांच्या दारात येऊन उभा राहिला, "आमीबी प्रभूचेच हाव जी, हितं माती द्या." चर्चच्या पंचांनी एकमेकांकडे पाहिलं. सभासद नाहीत, वर्गणी नाही, जागा नाही. कुणी म्हणालं, गावाकडं न्या. इतक्या लांब कशानं नेणार, हे कुणी म्हणालं नाही. आक्का तिथं कशाला गेल्या होत्या कोण जाणे. म्हणाल्या, "माझ्या मालकाच्या जागंवर खना."

दाजींची कबर मातीचीच होती, आणि त्यांना जाऊन पुष्कळ वर्षं झाली होती. खणताना दाजींची हाडं निघाली. आक्कांनी ती स्वतः वर घेतली, धुऊन, पांढऱ्या धुवट कापडात बांधली, मग खड्ड्याच्या तळाशी मऊ माती करून तिथं ठेवायला लावली. त्यावर मातीचा थर, आणि त्यावर ती परकी बाई. वर तिच्या नवऱ्यानं बाभळीच्या लाकडाचा क्रूस रोवला. मला संध्याकाळी कळलं तेव्हा मी जी सुटले ती थेट आक्कांच्या घरात. "अहो, लाज वाटत नाही का? नवऱ्याच्या उरावर सवत आणून निजवलीत!" त्या आधी माझ्याकडे बघत राहिल्या आणि मग अशा हसल्या, अशा हसल्या की खोकल्याची उबळ आली. मी पाठीवरून हात फिरवत होते आणि शिव्याही देत होते. दम खाऊन म्हणाल्या, "त्यांना सोबत झाली गं. आन् ऐक, माझ्यावरबी दगड ठिवू नका. नुसती माती ऱ्हाऊ द्या. फुडं कुनाला लागली जागा, तर खनायला सोपी." मी म्हणाले, त्या गोष्टी शमूला सांगा. त्या म्हणाल्या, "सांगीन सवडीनं."

ती सवड काही आली नाही. पुढच्या ईस्टरला शमू पुण्याहून आला. त्या दिवशी पहाटे आम्ही सगळे कबरस्थानात जातो, आपापल्या माणसांच्या कबरी फुलांनी सजवतो, मेणबत्त्या लावतो. शमू आपल्या लेकीला घेऊन गेला, तिला आजोबा दाखवायला. हातात शेवंतीची टोपली. तिथं बाभळीचा क्रूस, त्यावर कुणा बाईचं नाव. पोरगी विचारायला लागली, पप्पा, आजोबा कुठेत? तो टोपली घेऊन तसाच उभा. घरी येऊन त्यानं आईला एवढंच विचारलं, "दादांची जागा दिलीस?" आक्का म्हणाल्या, "दिली." बस्स! हा असा संवाद! त्यात 'तुझे वडील तिथंच आहेत' हे एक वाक्य घालायला त्यांचं काय जात होतं? मी सांगायला गेले तर शमूनं गाडी सुरूही केली होती, आणि पुढं तो विषय काढला की तो फोन ठेवायचा. मला आक्कांचा जो राग आहे, तो हा आहे. वस्तू तुमच्या, तुम्ही खुशाल द्या. पण बापाच्या कबरीत लेकाचा वाटा असतो. तो त्याला न विचारता दिलात, आणि आनंदानं देण्याची संधीही त्याला ठेवली नाहीत.

म्हणून आक्का गेल्या तेव्हा मला धडकीच भरली. त्यांना दाजींच्या शेजारी, त्या बाभळीच्या क्रूसाला लागून, कशीबशी निघालेली जागा मिळाली. माती देऊन झाल्यावर शमू तिथंच सगळ्यांसमोर म्हणाला, "आईवर पक्की कबर होणार. तिला कुणी उठवणार नाही." मंडळींना ते फार आवडलं. कर्ता मुलगा! मी म्हणाले, "शमू, आक्कांना दगड नको होता." त्यानं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. आमच्या ह्यांना म्हटलं, तुम्ही मामा आहात, तुम्ही बोला. ते म्हणाले, "पोराचं मन हाय..." आमचे हे आयुष्यभर दोन्ही बाजूंनी बरोबर असतात.

महिना झाला असेल. सकाळी वस्तीत टेम्पो आला. मागं गोणपाटात गुंडाळलेली ग्रॅनाईटची काळीभोर शिळा, वाळू, सिमेंट आणि दोन गवंडी. पुढं शमूची गाडी. माझ्या हातात कुकरचं झाकण होतं, ते तसंच घेऊन मी निघाले. कबरस्थानात पोचले तोवर गवंड्यांनी दोरी लावली होती. मी गेले आणि आक्कांच्या मातीच्या ढिगाऱ्यावर फतकल मारून बसले. या वयात खाली बसलं की उठवायला दुसरं माणूस लागतं, हे मला ठाऊक होतं आणि ते बरंच होतं.

"मामी, उठा."

"न्हाई उठत. तुझ्या आईनं तोंडानं सांगितलंय. दगड नको."

"तिनं मला नाही सांगितलं."

तो खाली उकिडवा बसला. आवाज चढवत नव्हता, तेच जास्त वाईट होतं. "मामी, काल मी तिच्या खोल्या उघडल्या. पुण्याला काहीतरी घेऊन जावं म्हणून. तिची एक वस्तू, कुठलीही. खाट पलीकडच्या शेजाऱ्यांची निघाली. पातेली चर्चची. भिंतीला खिळा आहे, खिळ्याला काही नाही. माझ्या मुलीला आजीचं म्हणून काय दाखवू? खिळा?... तिनं सगळ्या जगाला दिलं. मी जगात नव्हतो का? आता एवढी एक जागा आहे जिथं ती आहे. ती तरी माझी असू द्या."

मी भांडायला गेले होते आणि माझ्याच तोंडचे शब्द तो बोलत होता. भिंतीच्या अलीकडे बसून हेच तर मी इतकी वर्षं आक्कांना सुनावत आले होते. मी त्याच्याकडे हात केला, त्यानं मला उठवलं. मी बाजूला झाले. काय करणार? आक्का, तुम्ही स्वतः असता तर त्याला काय सांगितलं असतं ते मला आजही कळत नाही.

गवंडी पुढं झाला, शिळेचं माप जमिनीवर धरलं आणि डोकं खाजवायला लागला. शिळा रुंद होती. शमूनं पुण्यात पसंत केली होती, आणि पुण्यात बसून आमच्या कबरस्थानातल्या दोन कबरींमधलं अंतर दिसत नाही. गवंडी म्हणाला, "सायेब, ह्यो बाजूचा लाकडी क्रूस काढावा लागंल. तेवढ्यापुरती ती जागा आत घिऊ. कुनी येत न्हाई त्यांचं." शमू उठला. त्या क्रूसावर त्याचा जुना राग होता. दोन्ही हातांनी त्यानं तो धरला आणि हलवला. तेव्हा मात्र माझा बांध फुटला. मी किंचाळलेच. "काढ! ओढून काढ! आन् ओत त्यावर सिमेंट! खाली तुझा बाप हाय!"

त्याचे हात थांबले. "काय?"

"तुझा बाप. त्या बाईच्या खाली. तुला काय वाटलं, फेकून दिला?"

"मला वाटलं..." एवढंच बोलला. म्हणजे इतकी वर्षं तो पोरगा हे पोटात घेऊन फिरत होता! आपल्या आईनं आपल्या बापाची हाडं उपसून टाकली, असं. मी त्याला तिथंच उभ्या उभ्या सगळं सांगितलं. आक्कांनी हाडं स्वतःच्या हातानं धुतली ते, धुवट कापड, तळाची मऊ माती, सगळं. सवतीचं बोलले ते, आणि आक्का खोकला येईपर्यंत हसल्या तेही सांगितलं. जागा गेली नव्हती, दोघांत वाटली होती. शमू क्रूसापाशी खाली बसला. लहानपणी वसतिगृहाच्या पायरीवर आईची वाट बघत बसायचा तसाच बसला आणि रडला. मोठ्यानं. गवंडी बिचारे तंबाखू मळायला लांब गेले. बऱ्याच वेळानं त्यानं हलवून सैल झालेला क्रूस पुन्हा सरळ केला, बुडाशी माती ओढली, पायानं दाबली. मग म्हणाला, "हे लोक आले तर त्यांना ओळखू येईल ना?" मी म्हणाले, "येईल."

दगड बसला नाही. आक्कांवर मातीच आहे. पण शिळा तर आली होती, वर क्रूस आणि आक्कांचं नाव कोरलेलं होतं, आणि नाव कोरलेला दगड दुकानदार परत घेत नाही. शमू तो आमच्या भिंतीला टेकवून गेला. येताजाता मला तो दिसे आणि माझं डोकं फिरे. शेवटी मी फोन केला, "शमू, ह्या धोंड्याचं काय करू?" तो म्हणाला, "आईला विचारलं असतं तर काय म्हणाली असती?" मी म्हणाले, "आधी तुला शिव्या दिल्या असत्या." तो हसला. पुष्कळ वर्षांनी त्याचं हसू ऐकलं. मागून आमचे हे बोलले, आणि आयुष्यात पहिल्यांदा एकाच बाजूनं बोलले. "चर्चच्या नळावर घाला म्हनावं. धुन्याला दगड न्हाई तिथं. नाव खाली करून घाला." मला आधी कसंतरीच झालं. आईच्या नावाच्या दगडावर लोकांचं धुणं! पण शमू पलीकडून म्हणाला, "घाला, मामी. मी येतो लावायला." रविवारी तो आला, रिकाम्या हातानं आला, आणि चौघांनी मिळून शिळा नळापाशी पालथी घातली. गवंड्याच्या थापीनं कडेनं सिमेंट त्यानं स्वतः भरलं. लेकीला सांगितलं, ही आजीची. पोरीनं लगेच तिच्यावर आपला रुमाल धुऊन घेतला.

आता रोज सकाळी सगळी वस्ती त्यावर धुणं धुते. पोलीस-पाटलांची सून धुते, कारखान्यावर आलेल्या टोळीतल्या बायका धुतात. ग्रॅनाईट गुळगुळीत आहे, कपडा फाटत नाही, म्हणून गर्दी फार. माझ्या स्वयंपाकघराची खिडकी नेमकी त्या नळावर उघडते. मला अजून आक्कांचा राग येतो, सकाळी चहाला साखर नसली आणि आक्कांकडे मागायला सवयीनं भिंतीवर वाटी वाजवायला गेलं की जास्तच येतो. परवा अशीच चिडलेली उभी होते, तर नळावर जोराचं भांडण लागलं. आमच्याच चर्चमधल्या एक बाई टोळीतल्या बाईची बादली ढकलून म्हणत होत्या, आमच्या मंडळीचा दगड आहे, आम्ही आधी, हा दगड आमचा. मी खिडकीची दोन्ही दारं धाडकन उघडली आणि सगळ्या वस्तीला ऐकू जाईल असं ओरडले, "कुनाच्या बापाचा न्हाई तो दगड! धुनं आटपा आन् दुसरीला जागा द्या!"